आर्थर कॉर्नबर्ग आणि मूळ प्रतीतली चूक

मागच्या अंकाची मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे होतं, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. मराठी भाषा गौरव दिनावरचा एक लेख हाताने लिहून आला होता. तो टाइप झाल्यावर मी डावीकडे हस्तलिखित आणि उजवीकडे लॅपटॉप ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. कानामात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळं. अंक तुमच्यापर्यंत पोचला आणि दुसऱ्याच दिवशी सरांनी दाखवून दिलं की मथळ्यातच गौरव दिनाचा गौरव दीन झालाय. मी धावत जाऊन हस्तलिखित काढलं. तिथेही दीर्घ वेलांटीच होती. म्हणजे माझं काम अगदी चोख झालं होतं, आणि चूकही तितक्याच चोखपणे पुढे गेली होती.

त्याच आठवड्यात आम्हाला एम.एस्सी.च्या वर्गात डीएनए पॉलिमरेज शिकवत होते. डीएनएची नक्कल करणारं हे एन्झाइम, म्हणजे विकर, मूळ धाग्याकडे बघत एकेक अक्षर जोडत जातं आणि जोडलेलं अक्षर तपासतंही. मला वाटलं, हा तर आपल्यासारखाच मुद्रितशोधक. मग ते शोधणाऱ्या माणसाबद्दल वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता ती गोष्ट माझ्या घरापर्यंत येऊन पोचली. म्हणून हा लेख.

आर्थर कॉर्नबर्ग यांचा जन्म 3 मार्च 1918 चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. आई-वडील गॅलिशियातून आलेले ज्यू. हा प्रदेश तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. त्यांचं खरं आडनाव क्वेलर. आजोबांनी लष्करातली सक्तीची भरती चुकवण्यासाठी नोकरी पूर्ण केलेल्या कॉर्नबर्ग नावाच्या दुसऱ्या माणसाची ओळख घेतली, आणि पुढच्या पिढ्यांना तेच नाव लागलं. ज्या माणसाने पुढे अचूक नकलेचं गुपित शोधलं, त्याच्या आडनावातच अशी एक अदलाबदल होती, याची मला गंमत वाटली.

वडील जोसेफ हे जवळजवळ तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन चालवत. हे वाक्य वाचताना मी थांबले. माझे पप्पाही लिंबायतमध्ये एम्ब्रॉयडरीच्या खात्यात मशीनवर उभे असतात. आमचं गाव नवापूरकडचं. ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरलेल्या हजारो घरांपैकी आमचं एक. मशीनवर तीस वर्षं म्हणजे काय, ते मला पुस्तकातून समजून घ्यायची गरज नाही. जोसेफ यांची तब्येत खालावली तेव्हा त्यांनी हार्डवेअरचं लहानसं दुकान टाकलं. आर्थर नवव्या वर्षापासून तिथे खिळे-स्क्रू मोजून द्यायला बसत.

घरात विज्ञान नव्हतं, पण पोरगा हुशार. पंधराव्या वर्षी शाळा संपवली, सिटी कॉलेजातून 1937 मध्ये पदवी घेतली आणि 1941 मध्ये रॉचेस्टरहून डॉक्टर झाले. त्या काळी ज्यू विद्यार्थ्यांना अनेक दारं बंद असत. आपल्या वाट्याला हा भेदभाव आल्याचं कॉर्नबर्ग यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. डॉक्टरकी शिकत असताना त्यांच्या लक्षात आलं की आपले डोळे किंचित पिवळट दिसतात. घाबरून न जाता त्यांनी स्वतःचं आणि इतरांचं रक्त तपासलं आणि सौम्य काविळीवर एक छोटा शोधनिबंध लिहिला. त्यांचं पहिलं संशोधन ते हेच.

दुसऱ्या महायुद्धात त्यांची नेमणूक जहाजावरचा डॉक्टर म्हणून झाली. पण काविळीवरच्या त्या निबंधामुळे त्यांचं नाव वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेपर्यंत पोचलं आणि 1942 मध्ये त्यांना तिकडे बोलावून घेतलं. तिथे काम काय, तर उंदरांना सल्फा औषधं देऊन त्यांच्या आहारात कुठलं जीवनसत्त्व कमी पडतं ते शोधायचं. 1943 मध्ये त्यांचं सिल्व्ही लेव्ही यांच्याशी लग्न झालं. सिल्व्ही स्वतः जैवरसायनशास्त्राच्या अभ्यासक. तीन मुलगे वाढवताना त्यांनी नवऱ्याच्या प्रयोगशाळेत महत्त्वाचं काम केलं, पुढे डीएनएच्या कामातही.

युद्ध संपल्यावर उंदीर मागे पडले. जीवनसत्त्वं शरीरात करतात काय, या प्रश्नाने कॉर्नबर्ग एन्झाइमांकडे वळले. डॉक्टर झालेला, संसारी माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. 1946 मध्ये न्यूयॉर्कला सेव्हेरो ओचोआ यांच्याकडे, 1947 मध्ये सेंट लुईसला कार्ल आणि गर्टी कोरी यांच्याकडे. तिथे त्यांना एक शिस्त लागली, ती जन्मभर टिकली. पेशी फोडायची, तिच्या रसातून हवं ते एन्झाइम वेगळं काढायचं, आणि ते शुद्ध झाल्याशिवाय त्याच्याबद्दल काही बोलायचं नाही.

1953 मध्ये ते सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचे प्रमुख झाले. त्याच वर्षी वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएचा दुहेरी पीळ मांडला. ए समोर टी, जी समोर सी. एक धागा हाताशी असेल तर दुसरा बनवता येईल, हे चित्रावरून दिसत होतं. पण बनवणार कोण? पेशीतली एवढी गुंतागुंतीची क्रिया परीक्षानळीत होईल, असं फार थोड्यांना वाटत होतं.

कॉर्नबर्ग यांनी आपल्या आतड्यात राहणारा साधा ई. कोलाय जीवाणू घेतला. त्याचा रस काढला आणि त्यात किरणोत्सारी खूण लावलेलं थायमिडिन टाकलं. नवा डीएनए बनला तर ती खूण त्यात सापडणार. 1955 च्या सुमाराला जे हाती आलं ते नगण्य होतं. किरणोत्सर्गाच्या दहा लाख मात्रांतल्या जेमतेम पन्नास धाग्यात सापडल्या. दुसऱ्या कुणी ही यंत्राची चूक म्हणून सोडून दिली असती. कॉर्नबर्ग यांनी डीएनए तोडणारं एन्झाइम टाकून पाहिलं. त्या पन्नासही नाहीशा झाल्या. म्हणजे जे बनलं होतं ते खरंच डीएनए होतं.

पुढे रॉबर्ट लेहमन, मॉरिस बेसमन, अर्नी सिम्स, ज्यूलियस अॅडलर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी तो रस गाळत, वेगळा करत 1956 मध्ये एन्झाइम हाती आणलं. त्याला नाव मिळालं डीएनए पॉलिमरेज. नळीत थोडा तयार डीएनए आधीपासून टाकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. हेतू साधा होता. रसात डीएनए खाणारी एन्झाइमं असतात, ती या जुन्या डीएनएवर तुटून पडतील आणि नवा वाचेल. पण नंतर कळलं की तो जुना डीएनएच नमुना म्हणून वापरला जात होता. त्याच्याशिवाय पॉलिमरेज कामच करत नव्हतं. त्याला बघून लिहायला मूळ प्रत लागते.

या शोधावरचे दोन निबंध 1957 मध्ये एका नामांकित नियतकालिकाकडे गेले, आणि आधी नाकारले गेले. नळीत बनलेल्या पदार्थाला डीएनए म्हणायला परीक्षक तयार नव्हते. संपादक बदलल्यावर 1958 मध्ये ते छापले गेले. लगेच पुढच्या वर्षी, 1959 मध्ये, कॉर्नबर्ग आणि त्यांचे गुरू ओचोआ यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं. नवव्या वर्षी दुकानात बसलेला मुलगा तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता. त्याच वर्षी ते स्टॅनफर्डला गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

आपल्या देशाशी या एन्झाइमचं एक नातं आहे. हरगोविंद खोराना डीएनएचे छोटे छोटे तुकडे रसायनांतून बनवत. ते लांबवण्यासाठी त्यांनी कॉर्नबर्ग यांचंच पॉलिमरेज वापरलं. त्या लांब धाग्यांवरून जनुकीय भाषेतले शब्द उलगडले, आणि 1968 मध्ये खोरानांना नोबेल मिळालं.

आता मुद्रितशोधनाकडे येते. पॉलिमरेजचा आकार अर्ध्या मिटलेल्या उजव्या हातासारखा आहे, हे 1985 मध्ये थॉमस स्टाइट्झ यांच्या कामातून दिसलं. तळहात, बोटं आणि अंगठा. डीएनए तळहातावर बसतो. नवं अक्षर आलं की बोटं त्याच्यावर मिटतात. समोरच्या अक्षराशी जोडी बरोबर असेल तरच आकार नीट जुळतो, बोटं पूर्ण मिटतात आणि अक्षर जोडलं जातं. ए समोर सी आलं तर आकार अडतो, मिटणं नीट होत नाही आणि ते अक्षर बहुतेक वेळा निसटून जातं. एवढ्यावरच चूक लाखात एखाद्यावर येते.

तरीही चुकीचं अक्षर जोडलं गेलंच, तर धाग्याचं टोक सैल राहतं आणि पुढचं अक्षर लावायला वेळ लागतो. तेवढ्यात ते टोक त्याच एन्झाइमच्या दुसऱ्या कप्प्यात सरकतं. तिथे चुकलेलं अक्षर कापलं जातं, टोक परत तळहातावर येतं आणि काम पुढे चालू. वराछ्यात हिऱ्याचा कारागीर घंटीवरून हिरा उचलून आयग्लासखाली धरतो आणि परत घंटीवर टेकवतो ना, तसंच. या दुसऱ्या नजरेने चूक कोटीत एखादी उरते. नंतर दुरुस्तीची वेगळी प्रथिनं नवा धागा तपासतात आणि ती साधारण शंभर कोटींत एखादी होते. आपल्या एका पेशीत सहाशे कोटी अक्षरं आहेत, आणि पेशी दुभंगण्याआधी ती सगळी उतरवून काढायची असतात. म्हणजे एवढी नजर लागणारच.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी. पॉलिमरेज शुद्ध करताना डीएनए कापण्याचा एक गुण सतत त्याच्यासोबत यायचा. कितीही गाळलं तरी जायचा नाही. सुरुवातीला त्यांना वाटलं, दुसरं कुठलं तरी एन्झाइम मिसळलंय, ही भेसळ आहे. पुढे कळलं की कापणारा भाग पॉलिमरेजचाच आहे, आणि 1972 मध्ये कॉर्नबर्ग आणि डग्लस ब्रुटलॅग यांनी दाखवलं की तो चुकीची जोडी झालेलं टोक निवडून कापतो. ज्याला घाण समजून काढायला बघत होते तोच मुद्रितशोधक निघाला.

ही नक्कल जिवंत राहण्याइतकी अचूक आहे का, याची परीक्षा 1967 मध्ये झाली. मेहरान गुलियन आणि रॉबर्ट सिन्शायमर यांच्यासोबत कॉर्नबर्ग यांनी पाच हजारांवर अक्षरांच्या एका विषाणूचा डीएनए नळीत उतरवला. तो जीवाणूंमध्ये सोडल्यावर त्यातून खरे विषाणू जन्मले. बातमी जगभर गेली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीही भाषणात तिचा उल्लेख केला.

आणि दोनच वर्षांनी जमीन हादरली. 1969 मध्ये जॉन केर्न्स आणि पॉला डी ल्युशिया यांनी हजारो जीवाणू-वसाहती तपासून असा एक ई. कोलाय शोधला की ज्याच्यात कॉर्नबर्ग यांचं पॉलिमरेज जवळजवळ नव्हतंच. तरीही तो मजेत वाढत होता. मात्र अतिनील किरणांपुढे तो टिकत नव्हता. याचा अर्थ उघड होता. ज्या एन्झाइमवर नोबेल मिळालं, ते पेशीतलं मुख्य नकलकार नव्हतंच. एका मोठ्या नियतकालिकातून टीका सुरू झाली की हे एन्झाइम म्हणजे सगळ्यांना भलत्या वाटेवर नेणारी गोष्ट आहे.

कॉर्नबर्ग दुखावले, हे त्यांनी लपवलं नाही. पण मदत आली ती घरातून. मधला मुलगा टॉम न्यूयॉर्कला जूलिअर्ड संगीतशाळेत चेलो शिकत होता आणि सोबत जीवशास्त्रही. बापावरची टीका वाचून त्याने चेलो बाजूला ठेवून प्रयोगशाळा गाठली. केर्न्स यांच्याच जीवाणूतून त्याने आधी दुसरं पॉलिमरेज शोधलं आणि माल्कम गेफ्टर यांच्यासोबत काम करताना तिसरंही. हे तिसरं खरं मुख्य नकलकार. ते सेकंदाला सुमारे हजार अक्षरं उतरवतं. मग वडिलांचं पॉलिमरेज काय करतं? ते फटी बुजवतं, खराब झालेला तुकडा काढून नवा बसवतं. म्हणजे मूळ लेखकूचं नाही, दुरुस्ती करणाऱ्याचं काम. अतिनील किरणांनी तो जीवाणू का मरत होता, त्याचं उत्तर इथे आहे.

कॉर्नबर्ग यांनी आपला दावा बदलला. आपलं एन्झाइम मुख्य नाही हे मान्य केलं, पण तिन्ही पॉलिमरेजची काम करायची रीत तीच आहे, हेही खरं ठरलं. मूळ धागा लागतो, सुरुवातीला धरायला एक टोक लागतं, आणि धागा एकाच दिशेने वाढतो. पहिलं टोक आरएनएचं असतं, हे त्यांच्याच प्रयोगशाळेतून पुढे आलं.

धाकटा केन वास्तुविशारद झाला. थोरला रॉजर डीएनएवरून आरएनए कसा उतरतो ते शोधत राहिला, आणि 2006 मध्ये त्यालाही नोबेल मिळालं. वडील ते पाहायला होते. सिल्व्ही मात्र 1986 मध्येच गेल्या होत्या. आर्थर कॉर्नबर्ग 26 ऑक्टोबर 2007 रोजी वारले, एकोणनव्वदाव्या वर्षी, शेवटपर्यंत प्रयोगशाळेत जात होते.

आता माझ्या घरची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. आमच्या नवापूर-नंदुरबारकडे आणि इकडे तापी, सुरत, वलसाडच्या आदिवासी गावांत हा आजार नवीन नाही. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात सहाव्या जागेवर जीएजी हवं, तिथे जीटीजी आहे. एक अक्षर. दिनाचा दीन. त्या एका अक्षराने लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि भाऊ रात्र रात्र पाय धरून कण्हत बसतो.

त्याला कळायला लागलं तसं त्याने एकदा मला विचारलं, ताई, ते तपासणारं एन्झाइम माझ्या वेळी झोपलं होतं का? तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देता येतं. ते झोपलं नव्हतं. ही चूक हजारो वर्षांपूर्वी कुणा पूर्वजात झाली. त्यानंतर प्रत्येक पिढीत पॉलिमरेजने ती इमानदारीने उतरवली, प्रत्येक अक्षर दोनदा तपासून. त्याला समोरच्या धाग्याशी ताडून बघता येतं, अर्थाशी नाही. माझ्यासमोरच्या हस्तलिखितात दीन होतं, तसं त्याच्यासमोर जीटीजी होतं. आणि ही चूक टिकली, कारण एकच प्रत असलेल्या माणसाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. दोन्हीकडून आली की आजार होतो.

आमच्या नात्यातली काही माणसं आजही आईकडे बोट दाखवतात. आईनेही ते मनात धरलंय. मागच्या रविवारी मी जमिनीवर खडूने चार चौकोन काढून तिला समजावलं. एक प्रत तुझ्याकडून, एक पप्पांकडून. दोघं वाहक, दोघांना कधी काही झालं नाही. प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता. यात कुणी काही केलेलं नाही. ती बराच वेळ खडूकडे बघत राहिली. मग म्हणाली की हे मामाच्या घरी येऊन सांग.

भाऊ रोज हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल घेतो. हे औषध डीएनएची अक्षरं बनवणारं एक एन्झाइम अडवतं, म्हणजे कॉर्नबर्ग यांचं पॉलिमरेज जो कच्चा माल वापरतं तोच आवरतं. त्यातून बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि पेशी कमी वाकतात. आधी त्याला महिन्याला दुखायचं, आता पुष्कळ कमी झालंय.

राहिले मी. ज्या घरात एक मूल सिकलसेलचं आणि दुसरं निरोगी, त्या निरोगी मुलाची वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. हे मला दोन वर्षांपासून पाठ होतं. विद्यापीठात मी दुसऱ्यांच्या नमुन्यांवर पीसीआर चालवत होते, स्वतःची तपासणी मात्र टाळत होते. परीक्षा आहे, वेळ नाही, पुढच्या महिन्यात. खरं कारण भीती. सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम 2023 मध्ये सुरू झाली, सरकारी दवाखान्यात तपासणी होते, कार्डही मिळतं. कशाचीच अडचण नव्हती.

कॉर्नबर्ग यांचं आयुष्य वाचताना पन्नास मात्रांचा तो प्रसंग माझ्या मनात राहिला. एवढासा आकडा टाळता आला असता, त्यांनी तो तपासला. पुढे केर्न्स यांचा जीवाणू आला तोही टाळता आला नाही, त्यांनी तोही मान्य केला. मग मी गेल्या मंगळवारी रक्त देऊन आले.

रिपोर्ट शुक्रवारी आला. मी वाहक आहे. मला स्वतःला काही होणार नाही. पण लग्न ठरेल तेव्हा समोरच्याचं रक्त आधी तपासायचं, हे मी आई-पप्पांना सांगितलंय, आणि ते ऐकणार आहेत. तुमच्यापैकी जे आमच्या भागातले आहेत, त्यांनीही कार्ड करून घ्यावं. एक सुई टोचते, तेवढंच.

आणि हो, या अंकाचीही मुद्रितं मीच तपासतेय. या वेळी हस्तलिखितावरही विश्वास ठेवलेला नाही, शब्दकोश शेजारी उघडून बसलेय. तरी चूक दिसली तर कळवा.